अस्त्र आवरणारा वीर

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. काळी जमीन, ज्वारी-कापसाची शेते आणि गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांचे काठ, हेच येथील मुलांच्या डोळ्यांपुढचे जग. पश्चिमेचा अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि पूर्वेचा बंगालचा उपसागर तर त्याहूनही दूर. तथापि नद्यांना अंतराचे भय नसते. संत जनाबाईच्या गंगाखेडला जी गोदावरी घाटाच्या पायऱ्या भिजवीत जाते, तीच पुढे नांदेडवरून तेलंगणात व आंध्र प्रदेशात शिरते आणि राजमहेंद्रीच्या खाली अनेक मुखांनी बंगालच्या उपसागराला मिळते. उगमापासून मुखापर्यंतचा तिचा प्रवास १,४६५ किलोमीटरांचा आहे.

त्या मुखापासून किनाऱ्याकिनाऱ्याने ईशान्येकडे गेले म्हणजे विशाखापट्टणम हे मोठे बंदर लागते. तेथील किनाऱ्यावर, लाटांपासून थोड्या अंतरावर, एक काळी, लांबलचक नौका कोरड्या जमिनीवर ठेवलेली आहे. तिची लांबी ९१ मीटर आहे. तिला शीड नाही, डोलकाठी नाही, की प्रवाशांना उभे राहावयास सज्जा नाही. ही ‘कुरसुरा’ नावाची पाणबुडी होय. १९६९ पासून २००१ पर्यंत भारतीय नौदलात सेवा करून ती निवृत्त झाली आणि २००२ साली तिचे संग्रहालय करण्यात आले.

कुरसुरेच्या पोटात शिरणाऱ्याला प्रथम जाणवते ती जागेची टंचाई. मधोमध एक अरुंद वाट. दोन्ही बाजूंना नळ्या, चाके, तबकड्या आणि झडपा. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाण्यासाठी गोल भोकातून अंग चोरून पलीकडे जावे लागते. निजण्याच्या फळ्या एकावर एक, आणि शेजारीच पाणतीर ठेवण्याची जागा. पाहुणे काही मिनिटांत बाहेर येऊन मोकळा श्वास घेतात. परंतु अशाच पाणबुडीत सुमारे पाऊणशे माणसे आठवडेच्या आठवडे पाण्याखाली काढीत असत.

कुरसुरा ही सोव्हिएत संघात बांधलेली पाणबुडी. याच जातीच्या दुसऱ्या एका पाणबुडीत, १९६२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, एक घटना घडली. त्या दिवशी त्या अरुंद दालनांत एका माणसाने आपले डोके शांत ठेवले नसते, तर जगाचा इतिहास वेगळा झाला असता. ती हकीकत नीट समजावी म्हणून आधी पाणबुडी कशी चालते आणि महासत्तांची शस्त्रशर्यत म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

रिकामी घागर विहिरीच्या पाण्यावर तरंगते. ती कलती करून तिच्यात पाणी शिरू दिले म्हणजे ती बुडबुड आवाज करीत खाली जाते. पाणबुडीचे तत्त्व याहून वेगळे नाही. तिच्या अंगावर मोठमोठ्या टाक्या असतात. त्या हवेने भरलेल्या असल्या म्हणजे पाणबुडी तरंगते. त्यांत समुद्राचे पाणी घेतले म्हणजे ती बुडते. मात्र घागर दोरीने वर ओढावी लागते, तर पाणबुडी आपली आपण वर येते. तिच्याजवळ दाबून भरलेली हवा असते. ती टाक्यांत सोडली, की पाणी बाहेर ढकलले जाते आणि हलकी झालेली पाणबुडी पृष्ठभागावर येते.

पहिल्या दोन्ही महायुद्धांतील पाणबुड्यांना एक मोठी अडचण होती. त्यांचे डिझेल इंजिन हवेवाचून चालत नसे. म्हणून पाण्याखाली असताना त्या विजेच्या घटांवर चालत, आणि घटांतील वीज संपत आली म्हणजे ते पुन्हा भरण्यासाठी त्यांना वर यावे लागे किंवा हवेची नळी तरी पाण्याबाहेर काढावी लागे. वर आलेली पाणबुडी म्हणजे बिळाबाहेर आलेला उंदीर! शत्रूची विमाने व विनाशिका तिची वाटच पाहत असत.

ही अडचण अणुशक्तीने दूर केली. अमेरिकेची ‘नॉटिलस’ ही पाणबुडी १७ जानेवारी १९५५ रोजी प्रथमच अणुशक्तीवर चालू लागली. तिच्या अणुभट्टीत युरेनियमच्या अणूंचे विभाजन होऊन प्रचंड उष्णता निर्माण होई; त्या उष्णतेने पाण्याची वाफ होई; वाफेच्या जोराने चक्र फिरे आणि चक्रामुळे नौकेचा पंखा. या कामी हवेची यत्किंचितही गरज नव्हती. ३ ऑगस्ट १९५८ रोजी नॉटिलस बर्फाच्या जाड थराखालून उत्तर ध्रुवावर जाऊन पोहोचली. अशा पाणबुडीत प्यावयाचे पाणी समुद्राच्या पाण्यापासून मिळविता येते आणि श्वासासाठी लागणारा प्राणवायूही पाण्यापासूनच तयार करता येतो. तिला बंदरात परत यावे लागते ते मुख्यतः माणसांसाठी. त्यांचे धान्य संपते आणि मनेही थकतात.

विज्ञानाचा हा केवढा विजय! परंतु तो ज्या काळात मिळाला तो काळ वैराचा होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकीवर अमेरिकेने अणुबॉम्ब टाकले. एकेका बॉम्बने एकेक नगर उद्ध्वस्त झाले. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने आपल्या अणुबॉम्बची चाचणी केली. १९५२ साली अमेरिकेने त्याहून कितीतरी पटींनी दारुण अशा हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा सोव्हिएत संघही मागे राहिला नाही. एकाने एक अस्त्र केले की दुसऱ्याने दोन करावयाची, एकाने बॉम्ब मोठा केला की दुसऱ्याने त्याहून मोठा करावयाचा, अशी ही शर्यत सुरू झाली. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी सोव्हिएत संघाने ज्या बॉम्बचा स्फोट केला, त्याची शक्ती हिरोशिमावरील बॉम्बच्या तीन हजारपटींहून अधिक होती.

या शर्यतीची झळ शर्यतीत नसलेल्यांनाही लागली. १ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर पडली आणि त्या नौकेवरील मच्छीमार आजारी पडले. त्यांपैकी एकाचा त्याच वर्षी मृत्यू झाला. ही वार्ता ऐकून भारताचे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत अशी मागणी केली, की सर्व राष्ट्रांनी निदान या चाचण्या तरी थांबवाव्यात. त्या वेळी ती कोणी मानली नाही.

आता पाणबुडी आणि अण्वस्त्र यांची गाठ पडावयाची होती. २० जुलै १९६० रोजी अमेरिकेच्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या अणुपाणबुडीने पाण्याखाली राहूनच ‘पोलॅरिस’ नावाचे क्षेपणास्त्र आकाशात सोडून दाखविले. अशी सोळा क्षेपणास्त्रे तिच्यात मावत. सोव्हिएत संघानेही आपल्या पाणबुड्यांवर क्षेपणास्त्रे चढविली.

यामागचा विचार एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. दोन वैरी शेजारी आहेत. दोघांच्या कडब्याच्या गंज्या एकमेकींना लागून उभ्या आहेत आणि दोघांच्याही हातांत पेटलेला टेंभा आहे. एकाने दुसऱ्याची गंजी पेटविली तर ती आग त्याच्या स्वतःच्या गंजीपर्यंत आल्यावाचून राहणार नाही. तरीही पहिल्याला मोह होतो, की शेजाऱ्याचा टेंभा आधी विझवावा, म्हणजे आपण निर्धास्त झालो. विमानतळावरील बॉम्ब आणि जमिनीवरील क्षेपणास्त्रे अशा रीतीने शोधून नष्ट करता येतील, अशी भीती दोन्ही महासत्तांना वाटे. पण पाण्याखाली लपलेला टेंभा कोण शोधणार? सारा देश बेचिराख झाला तरी समुद्रातील पाणबुडी उरेल आणि सूड घेईल. म्हणून कोणीही पहिला प्रहार करणार नाही, असा हा हिशेब होता. भयाने भय रोखावयाचे, हेच या नीतीचे सार होय.

हा हिशेब कागदावर बिनचूक दिसतो. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. टेंभा धरणारा माणूस कधी गोंधळणार नाही, त्याला खोटी बातमी लागणार नाही, तो थकव्याने किंवा संतापाने भान हरपणार नाही, असे त्यात मानलेले आहे. खोल पाण्यात रेडिओचा संदेश सहज पोहोचत नाही. जी पाणबुडी शत्रूला सापडत नाही, तिला घरचा निरोपही वेळेवर मिळत नाही. असा प्रसंग खरोखरच आला.

१९६२ साली सोव्हिएत संघाने क्युबा या बेटावर आपली अण्वस्त्रे गुप्तपणे नेऊन ठेवली. क्युबा अमेरिकेच्या अगदी दाराशी. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी आपले आरमार पाठवून बेटाची नाकेबंदी केली. दोन्ही राष्ट्रांची सैन्ये सज्ज झाली. याच सुमारास सोव्हिएत संघाच्या चार डिझेल पाणबुड्या उत्तरेच्या थंड समुद्रातून निघून क्युबाच्या दिशेने आल्या होत्या. त्या प्रत्येकीत इतर पाणतीरांबरोबर एक अण्वस्त्र बसविलेला पाणतीर होता. अमेरिकन आरमाराला याची कल्पना नव्हती.

त्यांपैकी एका पाणबुडीचे नाव ‘बी-५९’. तिचे कप्तान व्हॅलेंटिन सावित्स्की हे होते. त्यांच्याबरोबर वासिली आर्खिपोव्ह नावाचे छत्तीस वर्षांचे अधिकारी होते. या पाणबुड्यांच्या पथकाचे ते प्रमुख कर्मचारी अधिकारी होते. आर्खिपोव्ह यांनी अणुशक्तीचे रौद्र रूप जवळून पाहिले होते. १९६१ साली ते ‘के-१९’ या अणुपाणबुडीवर असताना तिच्या अणुभट्टीला थंड ठेवणारी यंत्रणा बिघडली. आपल्या सोबत्यांचे प्राण वाचविण्यासाठी काही नौसैनिक भट्टीच्या दालनात शिरले आणि त्यांनी दुरुस्ती केली. पाणबुडी वाचली, परंतु ते काम करणारे आठ जण किरणोत्सर्गामुळे थोड्याच दिवसांत मरण पावले. ती आठवण आर्खिपोव्ह यांच्या मनात ताजी होती.

२७ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकन विनाशिकांना बी-५९ चा सुगावा लागला. त्यांनी तिला घेरले आणि तिने वर यावे म्हणून इशाऱ्याचे लहान स्फोटक गोळे पाण्यात टाकण्यास आरंभ केला. अमेरिकेने हा इशारा कशाचा आहे ते मॉस्कोला आधी कळविले होते. परंतु ती सूचना पाणबुडीपर्यंत पोहोचलेली नव्हती. आत असलेल्यांना एवढेच कळत होते, की आपल्या अंगावर स्फोट होत आहेत. पत्र्याच्या पिंपात बसावे आणि बाहेरून कोणी घण घालावेत, अशी त्यांची अवस्था झाली.

ही पाणबुडी थंड समुद्रासाठी बांधलेली; क्युबाजवळचे पाणी ऊन. आत उकाडा ४५ अंशांच्या वर गेला होता. घटांतील वीज संपत आली होती. हवा कोंदली होती. प्यावयाचे पाणी मोजून दिले जात होते आणि माणसे चक्कर येऊन पडत होती. मॉस्कोशी संपर्क तुटला होता. वर कदाचित युद्ध सुरूही झाले असेल, असे त्यांना वाटू लागले. पाणबुडीवरील नौसैनिकांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार, संतापलेल्या कप्तानांनी अण्वस्त्राचा पाणतीर सज्ज करण्याची आज्ञा केली.

तो पाणतीर सुटला असता तर वरच्या युद्धनौका क्षणात नाहीशा झाल्या असत्या. त्याचे उत्तर अमेरिकेने अण्वस्त्रांनीच दिले असते, आणि मग ती आग कोठे थांबली असती हे कोण सांगू शकेल?

आर्खिपोव्ह यांनी त्या आज्ञेला विरोध केला. त्यांच्याजवळ अधिक माहिती नव्हती. कप्तानांना जो उकाडा होत होता तोच त्यांना होत होता. जे स्फोट कप्तानांना ऐकू येत होते तेच त्यांनाही ऐकू येत होते. फरक होता तो मनाच्या स्थैर्याचा. हे स्फोट आपल्याला बुडविण्यासाठी नसून वर बोलाविण्यासाठी आहेत; युद्ध सुरू झाल्याची कोणतीही निश्चित बातमी आपल्याजवळ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी कप्तानांचे मन वळविले. सावित्स्की यांचेही श्रेय असे, की त्यांनी ते ऐकून घेतले. अखेर रात्री बी-५९ पृष्ठभागावर आली आणि तिच्यावर बसविलेले जगाचे संकट टळले. दुसऱ्याच दिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्युबातील क्षेपणास्त्रे परत नेण्याचे जाहीर केले.

मायदेशी परतलेल्या या नौसैनिकांचे कोणी स्वागत केले नाही. शत्रूसमोर पृष्ठभागावर आल्याबद्दल त्यांना उलट बोलणीच खावी लागली. आर्खिपोव्ह १९९८ साली वारले. पाणबुडीतील त्या घटनेची हकीकत जगाला मोठ्या प्रमाणावर कळली ती २००२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर.

महाभारतात असाच एक प्रसंग आहे. युद्ध संपल्यानंतर अश्वत्थाम्याने रागाच्या भरात महाभयंकर अस्त्र सोडले. त्याला उत्तर म्हणून अर्जुनानेही तसेच अस्त्र सोडले. दोन अस्त्रांच्या ज्वाळांनी सृष्टी होरपळू लागली, तेव्हा नारद व व्यास हे दोघे मध्ये उभे राहिले. अर्जुनाने त्यांचा शब्द मानला आणि आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्याला मात्र ते साधेना. अस्त्र सोडण्याची विद्या त्याच्यापाशी होती. अस्त्र आवरण्याचा संयम त्याच्यापाशी नव्हता. म्हणूनच आपण अर्जुनाला वीर म्हणतो आणि अश्वत्थाम्याला शापित.

क्युबाच्या प्रसंगाने महासत्तांचे डोळे काहीसे उघडले. १९६३ साली मॉस्को व वॉशिंग्टन यांच्यामध्ये तातडीच्या संदेशांसाठी थेट संपर्क जोडण्यात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात हवेत, पाण्याखाली व अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार झाला. नेहरूंनी नऊ वर्षांपूर्वी केलेली मागणी निदान अंशतः तरी पुरी झाली. भारतानेही या करारावर सही केली.

तथापि शर्यत थांबली नाही, आणि एके दिवशी ती भारताच्या दाराशी आली. ३ डिसेंबर १९७१ रोजी भारत व पाकिस्तान यांच्यात युद्ध पेटले. त्याच रात्री पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ९ डिसेंबरला अरबी समुद्रात दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने पाणतीर सोडून भारताची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडविली. खुकरीवरील १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपल्या सोबत्यांना बाहेर काढण्याची शिकस्त केली आणि स्वतः नौका सोडली नाही.

अशा वेळी अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ ही आठ अणुभट्ट्यांवर चालणारी प्रचंड विमानवाहू नौका व तिच्याबरोबरचे आरमारी पथक बंगालच्या उपसागरात पाठविले. सोव्हिएत संघानेही व्लादिवोस्तोकहून आपल्या युद्धनौका व पाणबुड्या त्यांच्या पाठोपाठ धाडल्या. ज्या उपसागराला गोदावरी आपले पाणी देते, त्याच उपसागरात दोन महासत्तांची आरमारे समोरासमोर आली. गंगाखेडच्या घाटावर धुणे धुणाऱ्या बायांना किंवा पाथरीच्या शिवारात ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्याला याची कल्पनाही नसेल. १६ डिसेंबर रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि युद्ध संपले. दोन्ही आरमारे एकमेकांवर एकही गोळी न झाडता कालांतराने परत गेली. येथेही अस्त्रे आवरली गेली.

पुढे भारतानेही या क्षेत्रात पाऊल टाकले, आणि त्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. मुंबईतील ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली ‘अप्सरा’ ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी सुरू झाली. त्याच ट्रॉम्बेत आज भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी भुईमूग व कडधान्ये यांच्या सुधारित जाती किरणांच्या साह्याने तयार केल्या, आणि रोगचिकित्सेला लागणारे किरणोत्सारी पदार्थही बनविले. माझगाव गोदीत बांधलेली ‘शल्की’ ही भारतात तयार झालेली पहिली पाणबुडी १९९२ साली नौदलात दाखल झाली.

भारताने १९७४ साली व १९९८ साली पोखरण येथे अणुचाचण्या केल्या. त्यानंतर भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी पाणबुडीत मावेल अशी लहान अणुभट्टी सिद्ध केली, आणि ती ज्या पाणबुडीत बसविली ती ‘अरिहंत’ २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणम येथे पाण्यात सोडण्यात आली. २०१६ साली ती नौदलात दाखल झाली. अण्वस्त्राचा पहिला वापर आपण करणार नाही, हे भारताचे जाहीर धोरण आहे.

पाणबुडीचे काम शांततेच्या काळातही धोक्याचे असते. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी १२९ माणसांसह बुडाली. २००० साली रशियाच्या ‘कुर्स्क’मध्ये ११८ जण गेले. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या बंदरात ‘सिंधुरक्षक’ या भारतीय पाणबुडीत स्फोट होऊन १८ नौसैनिक मृत्युमुखी पडले. शस्त्रशर्यतीचे मोल केवळ पैशात मोजावयाचे नसते.

१९८६ च्या सुमारास जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती. पुढे करार झाले, १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि अस्त्रांची संख्या पुष्कळ घटली. तरीही आज जगात सुमारे १२,००० अण्वस्त्रे आहेत आणि या क्षणीही अनेक समुद्रांत अणुपाणबुड्या मूकपणे फिरत आहेत. त्यांच्यावरील यंत्रे पूर्वीपेक्षा किती तरी अचूक झाली आहेत. परंतु यंत्राला थांबण्याची सद्बुद्धी नसते. ती माणसालाच असावी लागते, आणि ती अंगी बाणविण्यास पाणबुडीत जाण्याची वाट पाहावी लागत नाही. रागाच्या भरात उचललेला दगड खाली ठेवणारा, ऐकीव बातमीवर विश्वास न ठेवता क्षणभर थांबणारा, सारे एका बाजूला असताना शांतपणे ‘नको’ म्हणणारा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वर्गात असते. आर्खिपोव्हही पूर्वी केव्हातरी अशाच एका वर्गात बसले असतील.

गोदावरी आजही गंगाखेडच्या पायऱ्यांना स्पर्श करीत वाहते. तिच्या मुखाच्या पलीकडे, विशाखापट्टणमच्या वाळूवर, कुरसुरा उभी आहे. तिच्या अरुंद वाटेतून चालताना कोणाच्याही मनात यावे, की अशाच एका कोंदट दालनात एका थकलेल्या माणसाने आपला विवेक जागा ठेवला, आणि म्हणून त्या रात्रीनंतरही साऱ्या जगात सकाळ झाली.

स्वाध्याय

१. घागरीच्या उदाहरणावरून पाणबुडी कशी बुडते व कशी वर येते, ते सांगा.

२. डिझेल पाणबुडीची कोणती अडचण अणुशक्तीने दूर झाली?

३. कडब्याच्या गंज्यांचे उदाहरण महासत्तांना कसे लागू पडते? त्या हिशेबात कोणती गोष्ट गृहीत धरलेली आहे?

४. ‘त्यांच्याजवळ अधिक माहिती नव्हती.’ मग आर्खिपोव्ह यांचा निर्णय कप्तानांच्या निर्णयाहून वेगळा का झाला?

५. अर्जुन व अश्वत्थामा यांच्यातील फरक आपल्या शब्दांत लिहा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : शिकस्त करणे, मन वळविणे, सुगावा लागणे, भान हरपणे.

७. भारताच्या नकाशात गोदावरीचा उगम, गंगाखेड, राजमहेंद्री, विशाखापट्टणम व मुंबई ही स्थळे दाखवा.